अलिबाग ते रत्नागिरी किनाऱ्यानं: चार खाड्या, पाच दिवस आणि भरतीचं गणित

दर ऑक्टोबरात मला हमखास एक फोन येतो. समोरच्यानं मोबाइलवर नकाशा उघडलेला असतो, अलिबाग ते रत्नागिरी असं टाकलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: "सात-आठ तास दाखवतोय, म्हणजे शनिवार-रविवारात निवांत होईल ना?"

नाही होणार. तो नकाशा तुम्हाला बहुधा महामार्गावरून नेतोय आणि महामार्गावरून समुद्र दिसत नाही. किनाऱ्यानं जायचं तर मध्ये चार खाड्या गाडी बोटीत घालून ओलांडाव्या लागतात. उरलेला रस्ता गावांतून, वाड्यांमधून आणि चढउतारांवरून जातो. तिथे ताशी 25 ते 30 किलोमीटर पडले तरी चांगले समजा. या प्रवासाचा आराखडा किलोमीटर मोजून आखला की फसतो. आधी भरती-ओहोटी पाहायची, मग खाड्या मोजायच्या, मग मुक्काम ठरवायचे. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. हॉटेलं आधी धरतात आणि भरतीची गाठ थेट किनाऱ्यावर पडते.

## 1. तारीख: आधी पंचांग, मग रजेचा अर्ज

महिना सोपा आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये ऊन असतं, पण वेळास-आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहायची असतील तर याच सुमाराला जावं लागतं. पावसाळ्यात हा प्रवास आखू नका. समुद्र खवळलेला असतो, किल्ल्यांच्या बोटी बंद असतात आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असल्यानं ताटात ताजा मासाही धड मिळत नाही.

खरा प्रश्न तिथीचा आहे. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकराच्या पुढे. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते.

हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. तारीख ठरवायला तो पुरतो. निघण्यापूर्वी मात्र त्या तारखांचा भरती-ओहोटीचा तक्ता काढून जवळ ठेवा. मुंबईचा तक्ता पुढे रत्नागिरीला जसाच्या तसा लावू नका, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, फार हटतही नाही.

हे सगळं एकत्र ठेवून माझं मत असं: द्वादशीला निघा. मग पाच दिवस असे पडतात: द्वादशीला भरती नऊच्या सुमाराला आणि ओहोटी तीनला, त्रयोदशीला पावणेदहा आणि चार, चतुर्दशीला साडेदहा आणि पावणेपाच, पौर्णिमेला सव्वाअकरा आणि साडेपाच, पुढच्या प्रतिपदेला साडेबाराच्या आगेमागे आणि साडेसहा. म्हणजे सकाळी पाणी चढतं असतं आणि संध्याकाळी ओहोटीनं पुळण (वाळूचा किनारा) रुंद उघडी पडलेली असते. सकाळी खाडी ओलांडायची आणि डुंबायचं, संध्याकाळी ओल्या वाळूवरून चालायचं. शुद्ध द्वादशी असेल तर चांदणं फुकट.

षष्ठी-सप्तमीला निघालात तर ऐन सूर्यास्ताला भरती येते. ज्या पुळणीवर मुलं क्रिकेट खेळणार होती, तिथे पाणी सुरूच्या झाडांकडे सरकत असतं.

तपासा: पाचही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा एका कागदावर लिहिल्यात का? पुढचे सगळे टप्पे त्या कागदावर चालतात.

## 2. खाड्या मोजा

उत्तरेकडून दक्षिणेकडे चार ठिकाणी गाडी बोटीत जाते. या बोटींना इकडे कुणी फेरीबोट म्हणतं, कुणी जंगलजेटी.

आगरदांडा ते दिघी, राजपुरीची खाडी.
बागमांडला ते वेश्वी, सावित्रीची म्हणजे बाणकोटची खाडी.
दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीची खाडी.
तवसाळ ते जयगड, शास्त्रीची खाडी.

पलीकडे जायला दहा ते वीस मिनिटं लागतात, पण मोजायचा वेळ तो नव्हे. प्रत्येक खाडीला एक तास धरा, सुट्टीच्या दिवशी दोन. ख्रिसमस ते नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत रांग धक्क्यावरून गावात शिरलेली असते.

शेवटची फेरी चुकली तर काय, हे प्रत्येक खाडीसाठी आधीच माहीत असलं पाहिजे. दाभोळहून धोपावे समोर दिसत असतं, घरांचे दिवेसुद्धा मोजता येतात. पण बोट गेली असेल तर दापोली, खेड, चिपळूण आणि मग गुहागर असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा पडतो. मी तो एकदा रात्री घेतलाय. मागच्या सीटवर सासरे होते. चिपळूणपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. बागमांडल्याची बोट चुकली तर म्हसळा, आंबेत, मंडणगड असं फिरावं लागतं. आगरदांड्याला तळा-म्हसळ्याकडून. तवसाळचा पर्याय त्यातल्या त्यात बरा: आबलोलीवरून भातगावच्या पुलानं खाडी ओलांडता येते.

या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, काही ठिकाणी कामंही लागली आहेत. म्हणून दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. कामामुळे धक्क्याकडचा रस्ता वळवलेला असू शकतो.

इशारा: नकाशातली वेळ बघताना मार्गात बोट धरलीय की नाही हे रेघ बोटानं सरकवून बघा. 'फेरी टाळा' हा पर्याय चुकून चालू राहिला तर तुम्ही नकळत महामार्गावरच्या माणगावात पोचता.

## 3. दिवस कसे लावायचे

हा आराखडा द्वादशीला निघण्याच्या हिशोबानं आहे. तिथी बदलली तर हा तसाच उचलू नका. थांब्यांचा क्रम बदलेल.

पहिला दिवस: मांडवा, अलिबाग, मुरुड. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सकाळचीच घ्यावी. साधारण तासाभरात गाडीसकट मांडव्यात. शनिवार-रविवारचं तिकीट आधी काढा. पुणेकर खोपोली-पेणवरून अलिबागला उतरतात. ओहोटी तीनच्या सुमाराला, म्हणजे कुलाबा किल्ल्यात चालत जायचं ते दोन ते साडेतीनच्या मधे. परत कधी निघायचं हे किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारा आणि तो सांगेल त्याच्या अर्धा तास आधी निघा. आत फोटो काढत बसलेल्यांना परतताना कमरेएवढं पाणी लागतं. मग रेवदंडा, काशीद असं करत मुक्काम मुरुडला.

दुसरा दिवस: इथेच बहुतेकांची घडी विस्कटते. मुरुडच्या दक्षिणेला जंजिरा, खाडीपलीकडे दिवेआगर, मग आरावी-कोंडिवलीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता, शेवटी हरिहरेश्वर. सगळ्यांना सगळं हवं असतं. पण हरिहरेश्वरच्या देवळामागची प्रदक्षिणा खडकांवरून, समुद्राला लागून आहे आणि ती फक्त ओहोटीला करायची. त्रयोदशीला ओहोटी चारला. म्हणजे साडेचारच्या आत तिथे पोचलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी सकाळी करू म्हणाल तर तेव्हा पाणी चढत असतं. भरतीच्या वेळी तिथे माणसं लाटेबरोबर गेलेली आहेत; पाटी वाचून हसू नका.

मग काय सोडायचं? जंजिऱ्याला बोटीची वाट पाहणं धरून अडीच-तीन तास जातात. सकाळी पहिल्या बोटीनं गेलात आणि साडेअकराला आगरदांड्याच्या रांगेत लागलात तर दिवेआगरला फक्त जेवण होतं. दिवेआगरची पुळण हवी असेल तर जंजिरा सोडा. मी सोबत लहान मुलं असतील तर जंजिरा सोडतो, पहिल्यांदा येणारे पाहुणे असतील तर पुळण. दिवेआगर ते श्रीवर्धन मात्र आतल्या रस्त्यानं जाऊ नका. कोंडिवली-शेखाडीकडचा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की वीस-पंचवीस किलोमीटरला दीड तास सहज लागतो. तो वेळ आधीच धरा. मुक्काम हरिहरेश्वर.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर ते हर्णे. बागमांडला जवळच आहे. साडेआठपर्यंत धक्क्यावर. वेश्वीला उतरलात की पुढचा रस्ता नकाशाला नव्हे, धक्क्यावरच्या रिक्षावाल्याला विचारा: "दादा, केळशीकडून आंजर्ल्याला चारचाकी जाईल का, की मंडणगडवरून जाऊ?" कुठला रस्ता खोदलाय ते त्याला आजचं माहीत असतं. संध्याकाळी हर्णे बंदरावर माशांचा लिलाव असतो. गाडी वरच लावून खाली चालत जा, चिखलात घालू नका. फेब्रुवारीनंतर जात असाल आणि कासवं बघायची असतील तर मुक्काम आंजर्ल्याला किंवा आधी वेळासलाच घ्या. पिल्लं पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमाराला सोडतात, आणि त्या दिवशी घरट्यातून बाहेर आली तरच. हमी कुणी देत नाही.

चौथा दिवस: लाडघर, दाभोळ, गुहागर. कर्दे-लाडघरला सकाळी डुंबून घ्या, भरती सव्वाअकराची आहे. बाराच्या आत दाभोळ. गुहागरला दुपारचं जेवण आणि झोप. हा दिवस मुद्दाम रिकामा ठेवलाय. तीन दिवस गाडी चालवणाऱ्याला त्याची गरज असते, आणि पौर्णिमेची संध्याकाळची ओहोटी गुहागरच्या लांबलचक पुळणीवर वाया घालवू नये.

पाचवा दिवस: वेळणेश्वर, हेदवी, जयगड, रत्नागिरी. हेदवीची बामणघळ म्हणजे खडकातली अरुंद चीर. भरतीचं पाणी आत घुसलं की वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते. प्रतिपदेची भरती दुपारी, म्हणून तिथे साडेअकरा-बाराला पोचायचं. घळीच्या काठावर उभं राहायचं नाही. खडक ओले आणि शेवाळलेले असतात. नंतर तवसाळ, बोट, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. सूर्यास्त आरे-वारेच्या वळणावरून बघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, त्यामुळे गणपतीपुळ्यातून पाचला निघावंच लागतं.

रत्नागिरीच्या पुढे गाडीसाठी बोट लागत नाही. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्यांवर पूल आहेत. पण मालवणपर्यंत जायचं तर आणखी तीन दिवस काढा. "आलोच आहोत तर मालवण करून येऊ" म्हणणाऱ्याला सहाव्या दिवशी फक्त स्टिअरिंग आठवतं.

तपासा: रोजच्या आराखड्यात एकच खाडी आहे ना? दोन बसवल्यात तर एक मुक्काम वाढवा.

## 4. मुक्काम आणि जेवण

हे पटकन सांगतो. घरगुती राहण्याची सोय घ्या, पुळणीपासून चालत अंतरावर. खोली ठरवताना गाडी आवारात राहते का आणि आवाराच्या फाटकातून जाते का हे विचारा. मोठी गाडी असेल तर रुंदी सांगा, कारण जांभ्या दगडाच्या गडग्यांमधल्या (बुटक्या कुंपणभिंतींमधल्या) पाखाड्या, म्हणजे अरुंद वाटा, बैलगाडीच्या मापाच्या आहेत.

जेवण मात्र लोक दर वेळी चुकवतात. इथे हॉटेलसारखा मेनू तयार नसतो. सकाळी माणसं मोजून मासे आणले जातात. हर्णेजवळ आम्ही जिथे उतरतो तिथल्या काकू पहिल्याच फोनवर सांगतात, "सकाळी नऊच्या आत सांगितलंत तर सुरमई. संध्याकाळी येऊन सांगाल तर पिठलं-भात, आणि तोही चांगलाच असतो." मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. शाकाहारी किती, हे आकड्यात सांगा.

इशारा: गाडी नारळाखाली लावू नका. सावली दिसते म्हणून सगळे तिथेच लावतात. काकूंच्या अंगणात एका पाहुण्याच्या गाडीच्या टपावर नारळानं पाडलेला खळगा मी पाहिलाय. चहाची बशी बरोबर बसेल एवढा.

## 5. गाडी आणि डिकी

निघण्याच्या आठवडाभर आधी ब्रेक, हँडब्रेक, टायर आणि स्टेपनीची हवा बघून घ्या. हँडब्रेक का, ते पुढच्या टप्प्यात कळेल. डिकीत एवढं असू द्या: ओढायचा दोर, गाडीबरोबर आलेला टो-हुक (तो कुठे आहे आणि कुठे बसतो हे घरीच शोधून ठेवा), छोटं फावडं, हवेचा पंप, दोन जुनी गोणपाटं, पाच लिटर गोडं पाणी.

रोख पैसे ठेवा, त्यात सुटे जास्त. धक्क्यांवर आणि वाड्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते आणि पेमेंट नुसतं गरगर फिरत राहतं. नकाशा आधी उतरवून घ्या. पेट्रोल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी अशा मोठ्या गावांत भरायचं. अर्ध्यावर काटा आला की पंप दिसेल तिथे थांबा.

रात्री गाडी चालवू नका. रस्त्यांना कठडे नसतात, वळणांवर गुरं बसलेली असतात आणि समोरून येणारी एसटी तिच्या रस्त्यानं येते. तिच्या रस्त्यात तुमचाही रस्ता येतो. ती दिसली की आधीच रुंद जागी थांबा.

## 6. धक्क्यावर

आदल्या संध्याकाळी धक्क्यावर फोन करा आणि तीन प्रश्न विचारा. उद्या बोट चालू आहे का? पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता? मधली जेवणाची सुट्टी आहे का? मुक्कामाच्या काकांना नंबर माहीत असतो.

पोचल्यावर क्रम असा:

1. आधी तिकीट, मग रांग. गाडी बाजूला लावून एकानं खिडकीवर जायचं. उलट केलंत तर मागचे हॉर्न वाजवतात.

2. चालक सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं. पोरं हातात धरा, धक्क्याला कठडा नसतो.

3. उतार बघा. भरती असेल तर बोट वर आलेली असते आणि उतार छोटा, सौम्य असतो. ओहोटीला तीच बोट खाली जाते, उतार लांब होतो आणि त्याचा खालचा भाग, जो एरवी पाण्याखाली असतो, शेवाळानं बुळबुळीत असतो. सकाळच्या भरतीच्या आसपास खाडी ओलांडा असं मी पुन्हा पुन्हा म्हणतोय ते यासाठी.

4. बोटीवरचा माणूस हातवारे करतो तसंच चालवा. काही फेऱ्यांना गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात. रिव्हर्स जमत नसेल तर सरळ सांगा, "भाऊ, मला नाही जमत, तुम्ही घ्या." तो रोज पन्नास गाड्या घेतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. लाजेखातर स्वतः घेणारे बंपर घासतात.

5. पहिल्या गिअरमध्ये, एकाच गतीनं. उतारावर मध्येच थांबून पुन्हा निघू नका, चाकं घसरतात.

6. बोटीवर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. गाड्या इतक्या जवळ लावतात की दार उघडत नाही. आरसे आधीच मिटून घ्या.

7. उतरताना पुढची गाडी उतार पूर्ण चढून गेल्याशिवाय आपली सोडू नका. ती मागे आली तर तुम्हाला मागे जायला जागा नसते.

## 7. पुळणीवर गाडी नेऊ नका, आणि नेलीत तर

पहिलं वाक्य सगळ्यांना मान्य असतं. तरी दर हंगामात गाड्या रुततात, कारण किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाची तरी गाडी उभी असते.

फसगत कशी होते ते सांगतो, कारण माझी झालीय. दापोलीकडच्या एका पुळणीवर ओहोटीची ओली वाळू काँक्रीटसारखी घट्ट होती. गाडी मजेत फिरली. मग आम्ही पाण्याजवळ थांबलो, फोटो काढले, नारळपाणी प्यायलो. वीस मिनिटांत उभ्या चाकांखालची वाळू पाणी धरून भुसभुशीत झाली होती. मी ॲक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटावर बसली. पाणी वळलेलं होतं. गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत पहिली लाट टायरला लागून गेली. ट्रॅक्टरवाल्यानं दोन हजार मागितले. मी मोजून दिले, घासाघीस केली नाही.

चालत्या गाडीखाली घट्ट वाटणारी वाळू उभ्या गाडीखाली सैल होते. आणि वर, सुरूच्या झाडांजवळची कोरडी वाळू तर पहिल्यापासूनच सैल असते. परतताना गाडी अडकते ती बहुतेकदा तिथे. शिवाय पुळणीवर गाडी घातल्याबद्दल पोलीस गुन्हा दाखल करतात.

तरी रुतलीच तर:

- ॲक्सिलरेटर सोडा. प्रत्येक दाबाबरोबर गाडी बोटभर खाली जाते.
- सगळे उतरा, सामान उतरवा, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्यानं काढा.
- टायरची हवा कमी करा, 18-20 पीएसआयपर्यंत.
- जी चाकं गाडी ओढतात त्यांच्याखाली गोणपाट किंवा पायपुसणी सरकवा.
- ज्या खुणांनी आलात त्याच खुणांनी, हळू मागे घ्या.
- दोन प्रयत्नांत निघाली नाही तर तिसरा करू नका. एकाला ट्रॅक्टरसाठी पळवा आणि खिशातल्या कागदावर भरतीची वेळ बघा.

निघाल्यावर हवा पुन्हा भरल्याशिवाय डांबरी रस्त्याला लागू नका.

## 8. पाण्यात उतरण्यापूर्वी

पाणी चढत असताना डुंबा. ओहोटी लागली की बाहेर या, तेव्हा ओढ आत असते. खाडी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाशी कधीच उतरू नका, वरून शांत दिसलं तरी. काशीद आणि गणपतीपुळ्याला किनारा लवकर खोल होतो. तिथे गुडघ्याच्या पुढे जायचं कारण नाही. जेवून, पिऊन, अंधारात पाण्यात जायचं नाही. हे तीनही एकदम करणारे गट दर वर्षी असतात.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहत झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, आडवे सरका. ओढीचा पट्टा अरुंद असतो. त्यातून सुटलात की मग लाटेबरोबर किनाऱ्याकडे या.

तपासा: पुळणीवर पोचल्यावर पहिला कोळी किंवा टपरीवाला दिसला की विचारा, "काका, इथे पोरांनी कुठवर जायचं?" ते हात करून जागा दाखवतात. त्या हाताच्या पलीकडे नाही.

## 9. परतीचा रस्ता

किनाऱ्यानं परत येऊ नका. रत्नागिरीहून मुंबईला महामार्गानं, पुण्याला आंबा घाट चढून कोल्हापूरवरून किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाटानं कराडला. सकाळी सातला निघा. दुपारी जेवून निघालेला माणूस घाटात अंधारात सापडतो.

एक उलटा पर्यायही आहे आणि मला तो जास्त आवडू लागलाय: महामार्गानं आधी रत्नागिरी गाठायची आणि किनाऱ्यानं वर यायचं. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे उत्तरेकडे येताना समुद्र आपल्या बाजूला राहतो. वाटेल तिथे डावीकडे घेऊन थांबता येतं, समोरच्या वाहनांना आडवं जावं लागत नाही. थांबे आणि ओहोटीच्या वेळा मात्र नव्यानं जुळवाव्या लागतील. वरचा आराखडा नुसता उलटा वाचून चालणार नाही.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. वॉशिंगवाल्याला "खालून, चाकांच्या आतून" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो फक्त बॉनेट चमकवतो. पायपुसण्या झटका, डिकी झाडा. सीटच्या फटींतली वाळू पुढच्या गणपतीपर्यंत निघत राहते, त्याला उपाय नाही.